दोन्ही गुडघ्यांना पट्टी

जिंतूर, १४ नोव्हेंबर १९४५

आज आप्पांचं सरकी काढायचं जिन सुरू झालं. कापसाच्या गाड्यांची रांग चारठाण्याच्या रस्त्यापर्यंत गेली आहे. दुपारी यंत्राच्या पट्ट्यात सापडलेलं एक बोट दवाखान्यात आलं. टाके घातले. बोट राहील.

शिकताना सिस्टर आम्हाला रोजची नोंद लिहायला लावायची. काय दिसलं ते आधी लिहा, काय वाटलं ते नंतर, आणि वाटलेलं टाळता आलं तर टाळा, असं ती सांगायची. ती सवय मी सोडलेली नाही.

संध्याकाळी आप्पांचा हुतूतूचा संघ मैदानात उतरला. कागदावर हे नऊजण जिनचे फिटर, तेलवाले, हमाल आहेत. खरं तर ते फक्त खेळतात आणि खेळण्याचा पगार घेतात. परभणीच्या वकीलमंडळींना ते खपत नाही. ते यांना ‘भाडोत्री’ म्हणतात. आप्पांना कुणीतरी ते सांगितलं तेव्हा आप्पा पान लावत होते.

“वकिलाला इचारा,” ते म्हणाले, “तुमी तोंड फुकट चालवता का? मग माझ्या गड्यानं दम फुकट का घालवावा?”

मी विधवा झाले तेव्हाही हीच मंडळी बोलत होती. शिवाप्पाने पोरीला हैदराबादला दवाखान्यात शिकायला धाडलं, घरात बसवली नाही, म्हणून. आप्पांनी तेव्हाही पान लावलं असेल. लोकांचं ऐकलं असतं तर आजचं बोट गेलं असतं.

१९ नोव्हेंबर

आमच्या संघातल्या बन्सीधरला नांदेडच्या संघाने जास्त पगार कबूल केला. त्याने येऊन आप्पांना तसं सांगितलं. तासाभरात जिनच्या चाळीतल्या त्याच्या खोलीतली भांडी, गाठोडी, पाळणा बाहेर रस्त्यावर होता. बायको पाळण्याशेजारी बसून होती. मूल कणकणलेलं होतं. मी औषध दिलं आणि कसं द्यायचं ते सांगितलं.

जेवताना आप्पांनी विचारलं, “औषीद दिलंस म्हणं?”

“दिलं.”

“बरं केलंस. खोली मात्र न्हाई मिळायची.”

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता का, ते ठरवता आलेलं नाही.

३ डिसेंबर

लिंबाबद्दल लिहायला हवं. चारठाण्याच्या महारवाड्यातला. बाप गावची दवंडी द्यायचा, आणि बापाचा आवाज बसला की हा द्यायचा. वेशीपासून देवळाच्या वाटेपर्यंत एका दमात. आप्पांनी बाजाराच्या दिवशी त्याला ओरडताना ऐकलं आणि तिथल्या तिथे पगार ठरवला.

आज त्याचा दम बघितला. मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला की त्याचा ‘हुतूतू’ तुटतच नाही. एका पट्टीत, न चढता, न उतरता. मी नाडी मोजून बघितली. धावून आल्यावर ती ज्या वेगाने खाली येते तशी मी कुणाची पाहिली नाही. मी एवढंच म्हणाले, “छाती चांगली आहे.”

“छाती बापाची हाय, अक्का. पोट तेवढं माझं. त्याला कवाच दम नसतो.”

आप्पा संघाबरोबर एका पंगतीत जेवतात. लिंबा त्याच पंगतीत असतो. आज नागप्पाकाका अंगणातच उभे राहिले, उंबरा ओलांडेनात.

“दादा, समाजात आमाला बी बसायचं हाय,” काका म्हणाले.

“बस की. आमी सरकून घेतो,” आप्पा म्हणाले आणि खरंच सरकले.

काका निघून गेले. गंगम्मा आत्या हसू लपवायला आत गेली. मला आप्पांचा इतका अभिमान वाटला की मी वाढताना भाकरी दोनदा वाढली.

परभणी, ९ जानेवारी १९४६

जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या अव्वल तालुकदारांच्या करंडकाची उपांत्य लढत जिंकलो. पण लिंबाचा डावा गुडघा गेला. कुणी धरलं नव्हतं. वळताना पाय मातीत रुतला आणि वरचं अंग फिरलं. आतल्या बाजूला सूज, पाय पुरता सरळ होत नाही, मध्येच अडकतो. सांध्यातली कूर्चा फाटली असावी. पूर्ण विश्रांती हवी, निदान दीड महिना. त्यानंतर बघू.

अंतिम सामना परवा आहे. नांदेडशी.

१० जानेवारी

आप्पांना मी स्पष्ट सांगितलं. खेळला तर पाय कायमचा जाऊ शकतो.

“शकतो म्हंजे जाईलच का?”

“सांगता येत नाही.”

“तुला सांगता येत न्हाई. मला येतंय. उद्या न्हाई खेळला तर वकील म्हणतील, भाडोत्री होता, वक्ताला पळाला. म्हार होता, म्हणून पळाला. मग पुन्यांदा असल्या पोराला कोण पंगतीत घील?”

हे त्यांना खरंच वाटत होतं का, करंडकासाठी बोलत होते, मला कळलं नाही. दोन्ही असावं.

मी धर्मशाळेत लिंबाकडे गेले. तो पाय उशीवर टेकवून पडला होता. मी सांगितलेलं सगळं त्याने ऐकून घेतलं.

“अक्का, तुमी पट्टी नाही बांधली तर मी वैदूकडून बांधून घीन. त्यो झाडपाला लावून दोरीनं आवळंल. तुमची पट्टी बरी.”

“खेळायचंच आहे?”

“चारठाण्यातून तीन गाड्या भरून मानसं यायलीत. आमच्या वाड्यातली. मैदानात बसू देणार हायेत म्हणं, पुढं.”

मी पट्टी बांधायचं कबूल केलं. मग एक अडचण लक्षात आली. एका गुडघ्याला पट्टी दिसली की नांदेडवाले त्याच पायावर तुटून पडणार. तेव्हा सुचलं: दोन्ही गुडघ्यांना सारखी पट्टी बांधायची. सारखी रुंद, सारखे वेढे. दुखरा कोणता ते कुणालाच कळणार नाही.

आप्पांनी ऐकलं आणि गुडघ्यावर थाप मारली. “हैदराबादचं शिक्षण वाया न्हाई गेलं!” असं ते माझ्याबद्दल मोठ्याने, माणसांत, पहिल्यांदा बोलले.

११ जानेवारी

जिंकलो.

सविस्तर लिहिते. मैदान भरलेलं. एका बाजूला शामियान्यात अधिकारी, दुसऱ्या बाजूला चारठाण्याची माणसं, खरोखरच पुढे, जमिनीवर. पट्ट्या मी स्वतः बांधल्या. लॉरीच्या फळीवरून लिंबा उतरला तेव्हा त्या एकसारख्या दिसत होत्या. चांगलं काम होतं.

शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे. लिंबा गेला. त्याचा दम ऐकू येत होता, दवंडीसारखा एका पट्टीत. त्याने दोघांना हात लावला आणि वळला. बन्सीधर, जो आता नांदेडकडून खेळतो, त्याने झेप घेऊन त्याचा उजवा पाय धरला. अजून दोघे कमरेला. सगळा भार डाव्या पायावर आला. मी त्याचा गुडघा आत वळताना बघितला. दम तुटला नाही. तो तिघांना ओढत आला आणि पडताना त्याचा हात रेघेच्या अलीकडे, आमच्या बाजूला टेकला.

आप्पांनी डोक्याचा पटका काढून आकाशात फेकला. एवढ्या लोकांत उघड्या डोक्याने ते लहान मुलासारखे धावले. चारठाण्याची माणसं मैदानात आली आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

नांदेडवाल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी चुकीचा पाय धरला. माझी युक्ती चालली.

१२ जानेवारी

पट्टी सोडली. वाकवता येत नाही, सरळही होत नाही. लिंबा हसून म्हणाला, “करंडक लय जड हाय वाटतं, पायावरच ठिवलाय.” मी हसले नाही.

जिंतूर, २० एप्रिल

सूज गेली. पाय आखडलेलाच राहिला आणि चालताना डावी बाजू खाली जाते. मी रोज मालीश आणि व्यायाम देत होते. यापुढे फरक पडणार नाही असं आज त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, “मग उद्यापून येऊ नको का?”

मी म्हणाले, “व्यायाम चालू ठेवलेला बरा.” शास्त्राप्रमाणे त्याची गरज नाही.

आप्पांचा नियम सगळ्यांना माहीत आहे: पडला तो गेला. गळ्याचं हाड मोडलेल्या गड्याला त्यांनी एका महिन्याच्या पगारावर गावी धाडलं होतं. लिंबाला मात्र त्यांनी ठेवलं. मोठ्या फाटकावर दरवान, खाकी कोट, वर दोन बटणं पितळेची. मला बरं वाटलं. नियम मोडायलाही मोठं मन लागतं.

नव्या गड्यांना शिकवायला लिंबाला ठेवावं असं मी सुचवलं. आप्पा म्हणाले, “नगं. पोरं त्याच्याकडं बघतील.”

८ जून

एक गंमत. आप्पा हल्ली मागच्या फाटकातून जिनमध्ये येतात. तो रस्ता लांबचा आणि नाल्याच्या चिखलाचा आहे. पायताण रोज भरतं. आत्या कुरकुर करते. मी विचारलं तर म्हणाले, “चाललेलं चांगलं असतंय. तूच म्हणतीस.”

मी तसं म्हटल्याचं आठवत नाही.

१७ ऑगस्ट १९४७

दोन दिवस लिहिलं नाही. परवा तिकडे हिंदुस्थानात झेंडा लागला, आपल्याकडे निजामाची बंदी. त्याच सकाळी जिनच्या मोठ्या फाटकाच्या खांबावर तिरंगा होता. लिंबाने चढवला होता. तसल्या पायाने तो खांबावर कसा चढला हे मला अजून समजलेलं नाही. पोलिसांनी त्याला आणि गावातल्या आणखी काहीजणांना परभणीला नेलं.

गावात संताप आहे. सरकारी समारंभांवर सगळ्यांचा बहिष्कार. आणि आज आप्पांनी काय केलं? संघ लॉरीत घातला आणि परभणीला अधिकाऱ्यांच्या करमणुकीचा सामना खेळायला गेले. दुसरा एकही संघ गेला नाही. शाळेच्या पोरांनी वेशीवर लॉरीला शेण मारलं. आप्पा पुढच्या बाकावर ताठ बसले होते, काचेवरचं शेण पुसूही दिलं नाही.

मी विचारलं होतं, “जायलाच हवं का?”

“पगारी संघ हाय. बोलावलं की जायचं.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल अभिमान वाटला नाही. लिहून ठेवते, कारण खरं आहे.

२० ऑगस्ट

लिंबा फाटकावर परत आला आहे. पुरावा नव्हता म्हणून सोडलं, असं तो म्हणतो. पाठीवर वळ आहेत, पण कातडी फुटलेली नाही. मलम लावलं. त्याच्याबरोबर पकडलेले दुसरे अजून आतच आहेत. त्यांच्याही विरुद्ध वेगळा पुरावा असावा.

गावात आप्पांशी कुणी बोलत नाही. आप्पा मागच्या फाटकातून येतात.

२१ सप्टेंबर १९४८

निजामशाही संपली. रस्त्यावर गुलाल, पेढे. जिनच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहिलं आहे: निजामाचा पहिलवान. आप्पांनी वाचलं. “पहिलवान कशाला? म्या कवा कुस्ती धरली न्हाई,” म्हणाले आणि आत गेले. रात्रीपासून छातीत दुखतं आहे. नाडी अनियमित. शहरातल्या डॉक्टरांना माणूस धाडला आहे, पण रस्ते बंद आहेत.

२४ सप्टेंबर

पहाटे आप्पांनी विचारलं, “सुमंगल, त्या पोराचा पाय आपन न्हाई खेळवला असता तर बरा झाला असता का गं?”

मी जे खरं तेच सांगितलं. “बहुतेक झाला असता.”

“तसंच म्हण. आजवर खोटं बोलली न्हाईस.” थोड्या वेळाने म्हणाले, “खेळला मातर कसा!”

हे त्यांचं शेवटचं स्पष्ट वाक्य. सूर्य वर आल्यावर नाडी थांबली. मी खात्री केली आणि हातातलं इष्टलिंग नीट बसवलं.

२५ सप्टेंबर

आमच्यात माणसाला निजवून नेत नाहीत. बसवून, फुलांच्या मखरात, जिवंत माणूस देवाला निघाल्यासारखं नेतात. त्यामुळे मखर उंच होतं, डोलतं, आणि चार खांदे सारख्या उंचीचे लागतात. आप्पा धिप्पाड होते.

स्वामी आले, विभूती लावली, भजन सुरू झालं. खांद्यासाठी माणसं मात्र येईनात. समाजाचे जे आले ते भिंतीशी उभे राहिले. निजामाच्या माणसाला खांदा दिला असं उद्या कुणी म्हणेल, ही भीती सगळ्यांच्या तोंडावर होती. नागप्पाकाकांनी कंबर धरली असल्याचं सांगितलं.

मग फाटकाकडून संघ आला. जुने आणि नवे. त्यांत तो गळ्याचं हाड मोडलेला गडीही होता. लिंबा खाकी कोट घालून. बन्सीधरही आला, पण तो निंबाखाली लांब थांबला.

लिंबाने दांडीला हात घातला तेव्हा नागप्पाकाका पुढे झाले.

“ए! मखराला हात न्हाई लावायचा तू.”

मग आत्या दारातून म्हणाली, “बरं नागप्पा, मग तू ये. का कंबर बोलायलाच मोकळी झाली?”

भिंतीशी कुणीतरी हसलं. काका स्वामींकडे बघू लागले. स्वामी म्हातारे आहेत. ते म्हणाले, “ज्याच्यासंगं जेवला, त्यानं न्यायचं. उचला.”

मी लिंबाजवळ गेले. उंची त्याची बरोबर होती, पण पाऊल टाकलं की डावी बाजू खाली जाणार. मी लुगड्याची घडी करून त्याच्या खांद्यावर ठेवू लागले, म्हणजे उंची भरून निघेल.

“ऱ्हाऊ द्या, अक्का.”

“मखर एका बाजूला झुकेल.”

“झुकू द्या. मालकाला बी म्हायती हाय कशानं झुकतंय ते.” त्याने दांडी खांद्यावर घेतली. “परभणीच्या कोठडीतून त्यांनी मला आनलं. आता माझी पाळी.”

मी घडी हातात धरून उभी राहिले. मला ते माहीत नव्हतं. परभणीचा तो सामना आणि काचेवरचं शेण आठवलं.

मखर उठलं. निंबाखालून जाताना बन्सीधर माझ्या बाजूला येऊन चालू लागला. पायताण काढून हातात घेतलं होतं. थोडं चालल्यावर, माझ्याकडे न बघता, तो बोलला.

“अक्का, त्या दिवशी मला ठाऊक व्हतं. लॉरीतून उतरताना गडी कोणता पाय आदी टाकतोय, ते बघतो आमी. डावा दुखरा व्हता. दुखऱ्याला हात लावू नये म्हणून म्या उजवा धरला.”

भार कुठल्या पायावर गेला हे मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. तो नाल्यापर्यंत आला आणि तिथून परत गेला. खांदा दिला नाही. त्याचा पाळणा रस्त्यावर होता, ते मीही विसरलेले नाही.

समाधीची जागा जिनच्या मागे आहे. काकांनी मागच्या फाटकाची वाट दाखवली. समाधीकडे ती जवळची म्हणून. लिंबा थांबला, त्याच्याबरोबर बाकीचे तिघेही थांबले.

“मोठ्या फाटकातून,” तो म्हणाला.

सगळे वळले. मोठ्या फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडे होते. ते त्याने सकाळीच उघडून ठेवले असणार. आप्पा दोन वर्षांनी त्यातून गेले, ताठ बसून, कपाळाला विभूती, आणि प्रत्येक पावलाला डावीकडे कलत. चिखल होता. लिंबाचा पाय खाली गेला की मखर कलायचं, वर आला की सरळ व्हायचं. बाकी तिघांनी आपली चाल त्याच्या चालीला जुळवून घेतली होती. रस्त्यावरच्या दुकानांतून माणसं बाहेर आली आणि काहींनी टोप्या काढल्या. सगळ्यांनी नाही.

मी पुढे झाले आणि डाव्या दांडीखाली, लिंबाच्या खांद्यालगत, हात लावला. वजन फार नव्हतं. हात शेवटपर्यंत काढला नाही.